दुपारपाळी

गुरुवार. पाऊस थांबायचं नाव घेईना, म्हणून कॉलेजातच बसून बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरचं रोटेशन, म्हणजे कोणता गट कधी कुठल्या वॉर्डात, ते लावायला घेतलं. नव्या अभ्यासक्रमात एक क्लिनिकल क्रेडिट म्हणजे वॉर्डातल्या कामाचे ८० तास. कागदावर ते भरतात. मेडिकल, सर्जिकल, ऑर्थो (हाडांचा वॉर्ड), ऑपरेशन थिएटर अशा चौकटी आखून गट पुढे सरकवायचे, झालं.

अडतं ते सकाळी. एकाच मेडिकल वॉर्डात दोन-तीन कॉलेजांच्या मुली, त्यात डॉक्टरांचा राउंड. नर्सिंग कौन्सिल म्हणतं, एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. इथे एका पेशंटचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) तिघी घेतात. परवा एक आजोबा वैतागून म्हणाले, "अगं पोरींनो, ताप बघून बघूनच ताप यायचा की मला!"

म्हणून यंदा निम्मे गट दुपारपाळीला. माझं म्हणणं, खरं शिकणं दुपारीच होतं. राउंड आटोपलेला असतो, सिस्टरना दोन शब्द बोलायला सवड असते. काल संध्याकाळी वैरण कापताना साप चावलेल्या एका बाईंना आणलं. ड्युटीवरच्या सिस्टरनी आमच्या मुलीला बाजूला नाही सारलं. साध्या काचेच्या नळीत रक्त घ्यायला लावलं, न हलवता २० मिनिटं उभं ठेवायला सांगितलं. रक्त गोठलं नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष असणार. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लावण्याआधी सिस्टरनी एवढंच विचारलं, "ट्रेमध्ये आधी काय भरून ठेवशील?" पोरगी क्षणभर थबकली, मग म्हणाली, "ॲड्रेनालिन." एएसव्हीची रिॲक्शन आली तर हेच इंजेक्शन लागतं, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो, हे मी वर्गात कितीदा घोकून घेतलंय. तिला ते काल कळलं.

या सिस्टरना शिकवण्याचे ना पैसे मिळतात, ना काम हलकं होतं. लॉगबुकात त्यांच्यासाठी फक्त सहीचा रकाना. हॉस्पिटलातल्या सिस्टरांच्या प्रमुख, मेट्रन मॅडमना विनंती केली, दर वॉर्डात एक सिस्टर ठरवून द्या आणि आमचं पोस्टिंग संपेपर्यंत तिची पाळी बदलू नका. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलींसाठी ड्युटी रोस्टर लावू का मी?" प्रश्न बरोबर आहे. त्यांच्याकडे मुळात माणसं कमी.

दुसरी अडचण एसटीची. हॉस्टेलच्या मुलींचं निभेल, पण राधानगरी, गारगोटीकडून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी आठला सुटून जायचं कसं? एका वडिलांचा फोन आला: "पुढं नाईट करणारच हाय ती, मला ठाव हाय. पर आत्ता पावसात नको, मॅडम." काय बोलणार?

शेवटी असं केलं: येऊन-जाऊन करणाऱ्यांना बारा ते सहा, हॉस्टेलच्या मुलींना दोन ते आठ. ट्यूटरची पाळीही तशीच फिरवावी लागेल, त्यावर स्टाफरूममध्ये कुरबुर होईल. पहिली दुपारपाळी मी स्वतः घेतेय. सोमवारी नवा तक्ता घेऊन मेट्रन मॅडमकडे जायचं. मेडिकल वॉर्डापुरती तरी एक सिस्टर कायम द्या, एवढंच मागणार आहे.