सावळी, पण…

मे महिन्यातली नागपूरची दुपार. खिडकीतला कूलर घरघरतोय, पडदे ओढलेले, आणि महाल भागातल्या आत्याकडे आम्ही दोघी 'उंबरठा' बघत बसलोय. स्मिता पाटील दिसली आणि आत्या म्हणाली, "सावळीच आहे बाप्पा, पण काय दिसून राहिली!"

सिनेमा पुढे गेला, मी त्या 'पण'पाशीच अडकले.

हा 'पण' माझ्या ओळखीचा. माझं लग्न जमवताना तो प्रत्येक घरी माझ्याआधी जाऊन बसायचा. सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस. सावळी आहे, पण नोकरी पक्की. बायोडेटात 'वर्ण' या रकान्यापुढे बाबांनी 'गव्हाळ' लिहिलं होतं. गव्हाळ हा आमच्या घराण्याचा अधिकृत रंग; दुधापासून डांबरापर्यंत सगळे त्यात मावतात.

स्मिता आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची, जीन्सवरच साडी गुंडाळून, असं सांगतात. नागपुरात तेव्हा टीव्ही यायचा होता. आपल्याला ती भेटली थेट सिनेमात. 'जैत रे जैत'मधली ठाकरवाडीची बाई आणि 'भूमिका'तली नटी, दोन्ही १९७७ च्या. 'भूमिका'त तर बाविशीतल्या मुलीने एका बाईचं अख्खं आयुष्य चेहऱ्यावर पेललं आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. पुढे 'चक्र'साठी पुन्हा.

मला विचाराल तर तिचं रूप रंगात नव्हतं, नाकातही नव्हतं. कॅमेरा जवळ आला की बऱ्याच नट्या चेहरा आवरायला घेतात, पाहुणे आले की आपण दिवाणखाना आवरतो तसा. ही पसारा तसाच राहू द्यायची. 'उंबरठा'त सुती साडी, मागे बांधलेले केस, आणि रागही पूर्ण बाहेर न आलेला. तिच्याकडे बघताना आपणच थोडं सावरून बसतो.

'उंबरठा' १९८२ चा. त्याच वर्षी 'अर्थ', 'बाजार', आणि 'नमक हलाल'सुद्धा, अमिताभबरोबर पावसात भिजायला. त्या गाण्यात ती मला अवघडलेली वाटते. आत्याला मात्र तिचं तेच एक गाणं पाठ आहे. 'अर्थ'बद्दल आत्याचं मत अजून कडक: "दुसऱ्याचा संसार मोडते थे!" भूमिका होती ती, हे मी चाळीस वर्षांनंतर समजावून थकले. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हे सांगितलं तेव्हा मात्र आत्या गप्प झाली. 'मिर्च मसाला' नंतर आला. मिरच्यांच्या कारखान्यातली लाल धूळ आणि त्यात तिचे ते डोळे.

तेवढ्यात आत्याची नात उन्हातून आली. चेहऱ्याला स्कार्फ असा घट्ट, की दरोडा घालूनच परतली असावी. हातात कोपरापर्यंत मोजे. नागपुरात पोरी उन्हापेक्षा काळं पडायलाच जास्त भितात, आणि त्यांना भीती घालणारे आपणच.

तिचाही बायोडेटा सध्या आत्याच्या मोबाइलमध्ये अर्धवट पडलाय. जन्मवेळ, उंची, शिक्षण भरून झालंय, 'वर्ण' रिकामा.

"आत्या," मी टीव्हीकडे बोट दाखवलं, "हिचा बायोडेटा असता तर तिथे काय लिहिलं असतंस गं?"

आत्या विचारात पडली. नात स्कार्फची गाठ सोडता सोडता म्हणाली, "गव्हाळ."