एक्स्चेंजचा पाहुणा आणि आपलं रोजचं ताट

रोटरी युथ एक्स्चेंजमधून १५ ते १९ वर्षांची मुलं शाळेचं एक वर्ष परक्या देशात काढतात, एकापाठोपाठ एक अशा दोन-तीन कुटुंबांत राहतात. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरात असं पोर आलं की पहिल्या आठवड्याचा बेत ठरलेला: पुरी, भजी, मांडे, दुधाचा कुंदा, पुन्हा कुंदा. पोट बिघडतं आणि खापर मिरचीवर फुटतं. एकमेकांचा आहार शिकायचा असेल तर पाहुणचार दोन दिवसांत आवरा आणि एरवीच्या मंगळवारी जे शिजतं तेच वाढा. ज्वारीची भाकरी, मडकीची (मटकीची) उसळ, मेथी, कांदा, ताक. सणाच्या ताटातून कुणालाच काही कळत नाही.

त्याआधी अर्जातला अ‍ॅलर्जीचा रकाना नीट वाचा. 'नट' दिसलं की आपण काजू-बदाम बाजूला ठेवून मोकळे होतो. शेंगदाण्याबद्दल वेगळं विचारा, कारण आपल्याकडे खरी भीती त्याचीच. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणी शेंगांची, होळगी म्हणजे पोळीसुद्धा शेंगांची. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेला कूटही काही जणांना पुरतो. म्हणून भांडं वेगळं, चटणीचा चमचा वेगळा, आणि घाण्याचं शेंगतेल त्या घरात बंद. मुलाकडे अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन (जोराची अ‍ॅलर्जी उठली की टोचायचं तयार इंजेक्शन) असेल तर ते कुठे ठेवलंय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं आणि बरं वाटलं तरी लगेच दवाखाना गाठायचा. असं पेन इथल्या औषधाच्या दुकानात सहसा मिळत नाही, तेव्हा येतानाच दोन आणायला सांगा.

सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा आजार) असलेल्या मुलाला ज्वारी चालते, पण गिरणीतली ज्वारी चालेलच असं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात राहिलेला असतो. घरघंटी असेल तर ती फक्त ज्वारी-तांदळासाठी ठेवा. हिंगाची डबी उलटून बघा, बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं.

पोटाचं म्हणाल तर मिरची हे अर्धंच कारण. संकेश्वरीऐवजी ब्याडगी वापरली की रंग तोच राहतो, जाळ कमी होतो. ठेचा ज्याचा त्याने बाजूला घ्यावा. उरलेलं अर्धं कारण म्हणजे पाणी आणि जेवणात एकदम वाढलेला तंतू (फायबर). पावावर वाढलेल्या पोटाला पहिल्याच दिवशी वाटीभर मडकी झेपत नाही. मुगाच्या आमटीने सुरुवात करा, उसळ पाव वाटी. पाणी खळखळून उकळल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. जुलाब झालेच तर ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ चहाचा अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त पडलं तर उलट अपाय होतो.

शिकवायला भाकरी उत्तम, कारण चूक लगेच दिसते. पाव किलो पिठाच्या तीन मध्यम भाकऱ्या होतात. ज्वारीत ग्लुटेन नाही, चिकटपणा येतो तो गरम पाण्याने. म्हणून आधणाचं पाणी घालायचं आणि एका भाकरीपुरतंच मळायचं. कडा फुटतात त्या मळणं कमी पडल्याने, नाहीतर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेल्याने. महिनाभर डब्यात पडलेलं पीठ थापूच नका. तव्यावर टाकली की वरून लगेच पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची. पाणी जास्त सुकलं तर भाकरी चिरते आणि मग फुगत नाही.

पाहुण्यांकडूनही घेण्यासारखं आहे, ते म्हणजे पाकीट उलटून वाचायची सवय. फ्रान्समध्ये २०१७ पासून पाकिटावर पदार्थ किती पोषक ते सांगणारी ए ते ई अशी न्यूट्री-स्कोअरची अक्षरं येतात. आपल्याकडे ती नाहीत, पण १०० ग्रॅमचा तक्ता असतो. त्यातलं सोडियम अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. हाच हिशोब घरालाही लावा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. फोडलेल्या पुड्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात एक किलो मीठ पन्नास दिवसांच्या आत संपत असेल तर हात जड आहे, आणि लोणचं, पापड, फरसाण यात धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात दिवसाला तेल-तूप २७ ग्रॅम आहे. चौघांचं महिन्याला साडेतीन लिटर होतं. बहुतेक घरांत पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नाही, हे पाहुण्याने लिहून काढलं की घरची मंडळी जरा गप्प होतात.

चहाचंही तसंच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे जवळजवळ चाळीस ग्रॅम. पाहुण्यांकडे बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण सहा-सातला होतं, आपलं नऊला. मधली भूक चहा-फरसाण भरून काढतं. तिथे उकडलेलं रताळं ठेवा, बेळगावच्या बाजारात हंगामात ढिगाने असतं.

'आणखी एक घे'चा आग्रह एकदाच. वजनावर शेरा तर अजिबात नको, प्रेमानेही नको. या वयात खाण्याचे विकार लपवलेले असतात आणि अर्जात ते येतीलच असं नाही.

इथून युरोपात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाच्या सामानात दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा कुंद्याचा डबा विमानतळावरच काढून घेतला जाऊ शकतो. कारळ्याची किंवा जवसाची चटणी बंद पाकिटात न्या. शेंगांची न्यायची असेल तर यजमानांना आधी विचारा.