दर्शनी भाग तेवढा एकसारखा

खिडकीला दुहेरी काच बसवायची तर नगरपालिकेची परवानगी लागते आणि ती मिळेलच असे नाही, असे घरमालकांनी कळवल्यापासून मी इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जुन्या घरांकडे जरा रागानेच पाहू लागले आहे. आमचे घर अशाच एका संरक्षित ओळीतले, भिंतीला भिंत लागून असलेले, बाथच्या पिवळसर दगडाचे आहे. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी तावदानांच्या फटींत मी वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या आहेत, तरी वारा सुटला की पडदा हलतोच.

रॉयल क्रेसेंटपुढे मात्र हा राग टिकत नाही. आपल्याकडे थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती, तेव्हा, म्हणजे १७६७ साली, वास्तुविशारद धाकट्या जॉन वुड यांनी तीस घरांची ही चंद्रकोरीसारखी ओळ बांधायला घेतली. तळमजल्याच्या वरून थेट कठड्यापर्यंत चढणारे ११४ आयोनिक, म्हणजे माथ्याशी वेटोळी असलेले, खांब पाहिले की ही वेगवेगळी घरे आहेत यावर विश्वास बसत नाही. खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वुड यांनी फक्त दर्शनी भाग ठरवून दिला; ज्याने त्याची जेवढी लांबी घेतली, त्याने मागे आपल्या सोयीचे घर बांधून घेतले. त्यामुळे मागून पाहिले तर छपरे जुळत नाहीत, खिडक्या एका रेषेत नाहीत, मध्येच एखादी भिंत पुढे आलेली दिसते. मला ही मागची बाजूच अधिक आवडते. १९७०च्या दशकात २२ क्रमांकाच्या मालकीणबाईंनी दार पिवळे रंगवले, तेव्हा ते पांढरे करण्याची नोटीस निघाली. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले आणि बाई जिंकल्या.

पुण्यातले वाडे तुम्ही पाडलेत कसे, असे इथे कोणी विचारले की मला ते झोंबते, कारण आमचा वाडाही बिल्डरकडे गेला. गोठलेल्या भाड्यात दरवर्षीची कौले चाळणेही भागत नव्हते. इथे घरांना लाखो पौंडांची किंमत येते, मग लाकडी चौकटी जपणे परवडणारच. शिवाय याच बाथमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत साध्या कारागिरांची जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातली, घरे ओळीच्या ओळी पाडली गेली. क्रेसेंटला कोणी हात लावला नाही, पण त्या घरांसाठी आरडाओरड सुरू होईपर्यंत बरीचशी जमीनदोस्त झाली होती.