दाराआड गेलेलं बटण

घराचं काम काढलं तेव्हा आईच्या खोलीची चौकट बदलली. नवं दार उलट बाजूला उघडू लागलं आणि दिव्याचं बटण गेलं दाराआड. आत यायचं, दार लोटायचं, मग मागे वळून भिंत चाचपायची. आईला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. रंग लागायच्या आत बोर्ड हलवायचाच, असं मी ठरवलं.

जागा ठरवायला घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून आत यायला सांगितलं. हात भिंतीला जिथे टेकला तिथे चिकटपट्टी लावली. आईची पट्टी सगळ्यांत खाली. तिचा खांदा आखडलाय, हात फार वर जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बोर्ड तिच्याच पट्टीवर बसवला, जमिनीपासून 105 सेंटिमीटरवर.

या खोलीतला एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद मिणमिणायचा. दिवाच खराब समजून आम्ही तो दोनदा बदलला होता. वायरमनना हे सांगितलं, तर त्यांनी बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला. पेटला! बटणावर फेजऐवजी, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार आणलेली होती. म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरपर्यंत वीज पोचलेलीच. स्टुलावर उभी राहून मी त्याच होल्डरला दोनदा हात घातला होता, या विचाराने अजून काटा येतो. तुमच्याकडेही बंद दिवा मिणमिणत असेल तर वायरमनकडून हे आधी तपासून घ्या.

मग त्या खोलीची एमसीबी, म्हणजे वीज तोडणारी कळ, पाडली. टेस्टर आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर पेटतोय ना ते बघितलं आणि मगच बोर्डातल्या तारा तपासल्या. बिघडलेला टेस्टर चालू तारेवरही पेटत नाही.

जुनी वायर नव्या जागेपर्यंत हातभर कमी पडली. जोड मारून, टेप गुंडाळून प्लास्टरमध्ये बुजवून टाकू, असं वायरमनचं म्हणणं. इथे मी अडून बसले. जोड सैल झाला की तापतो, आणि भिंतीत गाडलेला जोड पुन्हा शोधायचा कसा? शेवटी वरच्या जंक्शन बॉक्सपासून, म्हणजे तारा जोडायच्या डबीपासून, सरळ उभी खाच पाडून, पाईप टाकून 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड वायर ओढली. उभीच, कारण पुढे कुणी भिंतीला ड्रिल लावलं तर बटणाच्या रेषेत वर वायर असणार, एवढं त्याला ओळखता येईल. फेज बटणावर आली, न्यूट्रल थेट दिव्याला गेली. जुन्या तारा बॉक्सपासूनच सोडवून काढल्या.

प्लास्टर लावण्याआधी खाचेला मोजपट्टी धरून मी फोटो काढून ठेवले. ओल पूर्ण सुकेपर्यंत रंगाला थांबवलं, रंगारी घाई करत होते तरी.

काम झाल्यावर बटण बंद ठेवून होल्डरला पुन्हा टेस्टर लावून घेतला. पेटला नाही.

त्या रात्री आईने हाक मारली, "दिवा गेला का गं? काहीच दिसत नाही." इतके दिवस ती त्या मिणमिणीच्या अंदाजाने उठत होती. मी तिचा हात धरून बटणावर ठेवला. दुसऱ्या रात्री तिचं तिला सापडलं.