गोदामाची किल्ली

जुलैतली सकाळ. गिरगावातल्या एका तीन मजली चाळीतून फोन आला की दुसऱ्या मजल्यावर रात्रभर छतातून माती गळतेय. मी दुरुस्ती मंडळाची इंजिनिअर. मी पोचले तेव्हा तिथल्या आजींनी पलंगावर प्लास्टिक अंथरलं होतं आणि पडलेली माती मला दाखवायला सुपात भरून ठेवली होती.

स्टुलावर चढून तुळईवर हातोडी मारली. चांगलं सागवान खणखणतं, ही भद्द वाजली. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. भिंतीपलीकडे सामाईक संडास. वर्षानुवर्षं पाझरलेल्या पाण्याने तुळईचं भिंतीतलं टोक पार कुजलं होतं.

"आजी, आत्ताच्या आत्ता खाली चला."

"अगं पोरी, भात लावलाय."

"गॅस मी बंद करते."

कंत्राटदाराची माणसं टेकू घेऊन आली. पण टेकू फक्त त्या खोलीत लावून भागत नाही. वरचा भार खालच्या मजल्याच्या जमिनीवर दिला तर तीच खचायची. म्हणून टेकूखाली टेकू, एका ओळंब्यात, थेट जमिनीपर्यंत. आणि तळमजल्यावर नेमकं तिथे मालकांचं गोदाम, कुलूपबंद.

मालकांचा मुलगा तासाभराने आला. आवाज चढवला नाही, पण किल्लीही काढली नाही. "मॅडम, तुम्ही दुरुस्ती करून जाता आणि आमची आणखी वीस वर्षं जातात. एका खोलीच्या महिन्याच्या भाड्यात दोन माणसांचा नाश्ता होत नाही. आजोबांनी बांधलेली इमारत आहे ही. आम्ही कुठवर थांबायचं?"

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठली, मालकांनी डागडुजीतून हात काढून घेतला, घरं कोसळू लागली. म्हणून सरकारने 1969 साली कायदा करून अशा इमारतींवर उपकर, म्हणजे जादा कर, बसवला आणि दुरुस्ती मंडळ नेमलं. सुरुवातीला अशा 19,642 इमारती उपकराखाली आल्या. मालकी खासगी, दुरुस्तीचा पैसा सार्वजनिक. 1986मध्ये तर सत्तर टक्के भाडेकरूंनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करण्याची तरतूद झाली. मालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असं नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2024मध्ये बहुमताने सांगितलं. तो निकाल त्याला तोंडपाठ होता.

मी त्याला म्हटलं, "उद्या इथे विकास नियमावलीतल्या 33(7)खाली, म्हणजे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, टॉवर उभा राहील. भाडेकरूंना घरं दिल्याच्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळेल. त्या घरांच्या पाण्याचा, गटाराचा, गाड्यांचा भार याच गल्लीवर येणार. मी तोही लोकांचाच पैसा धरते. मग आज चार टेकूंना नाही का म्हणता?"

तो गप्प. मग मी त्याला वर नेलं. वाद घालण्यापेक्षा ते बरं, हे मला या नोकरीनेच शिकवलं. त्याने तुळईला अंगठा लावला आणि लाकूड ओल्या केकसारखं हाताला आलं. खाली उतरून त्याने स्वतःच कुलूप काढलं.

गोदामात रिकामी खोकी होती, ती पोरांनी बाजूला सारली. जमिनीवर जाड फळी, तिच्यावर टेकू, खाली दोन्ही बाजूंनी पाचरी. मुकादम एकेक पाचर ठोकायचा, थांबायचा, वर कान द्यायचा. साडेबाराला शेवटची पाचर बसली. वर जाऊन पाहिलं, माती गळायची थांबली होती.

अशा घरात सरकारी पैसा घालावा का, असं मला लोक विचारतात. घालावाच. खाली माणसं झोपलेली असतात. पण त्या पैशातला प्रत्येक रुपया कुठल्या इमारतीत गेला, हे त्या इमारतीच्या दारावर ठळक लिहिलेलं असावं, आणि पुनर्विकासाची फाइल उघडताना ते पहिल्या पानावर असावं, असं मला मनापासून वाटतं.

आजी ओट्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी संक्रमण शिबिराच्या, म्हणजे तात्पुरत्या घरांच्या, यादीसाठी त्यांचं नाव लिहून घेतलं.

"कुठे देतील गं?"

"सायन नाहीतर मागाठाणे."

"तिकडे गेलेले परत येतात का?"

मी त्यांच्या खोलीचा नंबर लिहिला आणि सहीसाठी पेन त्यांच्या हातात दिलं.