मावशीचा एमआरआय आणि त्यात न दिसलेले काही

गेल्या गणपतीत मावशीने एकाच दुपारी मला तीन वेळा विचारले, "सारणात वेलची घातलीस का गं?" तिसऱ्या वेळी डबीचे झाकण तिच्याच हातात होते. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय करायला सांगितला आणि अहवालात 'वयानुरूप बदल' एवढेच लिहून आले. घरच्यांना हायसे वाटले. मला मात्र वाटले नाही, कारण नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, त्याच्या भागांचे आपसांतले दळणवळण नव्हे.

ते पाहण्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते आणि तो बदल यंत्र टिपते. माणूस काहीही न करता नुसता पडून असतानाही डाव्या आणि उजव्या बाजूंच्या हालचाल-केंद्रांमधील संकेत एकाच तालात वर-खाली होतात, म्हणजे ते भाग एकमेकांशी जोडलेले असावेत, हे संशोधक भरत बिस्वाल यांनी 1995 मध्ये दाखवले. 2001 मध्ये मार्कस रेकल यांच्या गटाने विश्रांतीच्या वेळी अधिक सक्रिय असणाऱ्या भागांचे 'डीफॉल्ट मोड' जाळे मांडले, आणि 2004 मध्ये मायकेल ग्रायशियस व सहकाऱ्यांना आढळले की अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये याच जाळ्याचा मागचा भाग आणि हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी तयार करणारा मेंदूचा भाग) यांची क्रियाशीलता कमी झालेली असते.

परंतु सगळेच बदल ऱ्हासाच्या रूपात दिसत नाहीत, आणि मला सर्वाधिक विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. सौम्य स्मृतिदोष असलेल्या काही जणांचा हिप्पोकॅम्पस आठवण्याचे काम करताना नेहमीपेक्षा जास्त सक्रिय दिसतो. मेंदू उणीव भरून काढतो आहे, असा त्याचा अर्थ लावला जात असे. 2012 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अशा व्यक्तींना लेव्हेटिरासिटाम हे फेफऱ्यावरील औषध अल्प मात्रेत दिले, तेव्हा ही अतिरिक्त सक्रियता उतरली आणि स्मृतिचाचणीतील कामगिरी सुधारली. म्हणजे ती धडपड मदतीची नसून बिघाडाचाच भाग असावी. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावरून कोणी आपल्या मनाने हे औषध सुरू करू नये.

हे सारे निष्कर्ष गटांच्या तुलनेतून आलेले आहेत. यंत्रात डोके मिलिमीटरच्या अंशाने हलले तरी जोडण्यांचे चित्र फसवे येते, आणि एकट्या माणसाच्या चित्रावरून निदान करण्याइतकी ही पद्धत अजून पक्की नाही. म्हणून मी मावशीच्या फंक्शनल एमआरआयचा आग्रह धरला नाही. सहा महिन्यांनी तिची स्मृतिचाचणी पुन्हा करायची, असे डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे.