रोज तीच टेकडी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘काकू, रोज तीच वेताळ टेकडी, कंटाळा नाही येत? फोटोच काढायचे तर ताडोबाला जा की!’ पुण्यातल्या या टेकडीवर सकाळी धावायला येणारी मुलं विचारतात, सोसायटीतल्या बायका विचारतात, माझा भाऊ तर दर भाऊबीजेला विचारतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: ‘आणि या वयात ते पाण्याचे कॅन कशाला वाहता?’ चढावर दम लागलेला असताना याचं उत्तर देता येत नाही.

ताडोबाला मी जाऊन आले. वाघही दिसला, डोळ्यांत पाणी आलं. पण तो वाघ काल कुठे होता, उद्या काय करणार, हे मला कधीच कळणार नाही. टेकडीवर कळतं. रोज गेलं तरच कळतं.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. निवृत्तीच्या दिवशी मुलानं कॅमेरा हातात ठेवला, जवळून फोटो काढायच्या लेन्ससकट. आधी मी सगळ्यांसारखी पक्ष्यांच्या मागे फिरले. खरी गोडी लागली ती खाणीच्या वाटेवरच्या रुईपाशी बसायला लागल्यावर.

बिबळ्या कडवा नावाचं नारिंगी फुलपाखरू रुईच्या पानावर एकेक सुटं अंडं घालतं. मोहरीपेक्षाही बारीक, पांढुरकं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. आता रुईचा चीक तुम्हाला ठाऊक आहे, पान नुसतं खुडलं तरी टपटप गळतो. एवढ्याशा अळीचं तोंडच चिकटून जायचं. म्हणून ती आधी पानावर गोल चर कुरतडते. चीक त्या चरात येऊन थांबतो आणि मग ती आतला गोल खाते. मोठी झाली की पानाची मधली शीरच चावून ठेवते. पान खाली लोंबतं, चीक वर चढत नाही. हे पहिल्यांदा लेन्समधून दिसलं तेव्हा वाऱ्यानं हलू नये म्हणून मी एका हातानं देठ धरला होता, आणि तो हात भरून येईपर्यंत सोडवला नाही. चिकातलं विष अळी अंगात साठवते, ते पुढे फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. छोटा चांदवा हे फुलपाखरू मुळीच विषारी नाही, पण त्याची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते आणि त्याच्या पुण्याईवर वाचते.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीची चाळीसेक मुलं स्वच्छता मोहिमेला आली. उत्साही, गुणी मुलं. प्लास्टिकच्या बाटल्या पोती भरून उचलल्या आणि जाता जाता ‘रान’ म्हणून घाणेरीबरोबर रुईही तोडली. मी पोचले तेव्हा झुडूप आडवं पडलेलं, पानं मलूल, आणि त्यांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या फिरत होत्या. मी मोजल्या, अकरा होत्या. उचलून दुसऱ्या रुईवर नेऊन ठेवल्या. मुलांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तर नव्हतंच सांगितलं, आणि त्या झुडपाचे शेकडो फोटो माझ्या संगणकात होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मी आठ फोटो मोठे छापून, लॅमिनेट करून पायथ्याशी घेऊन गेले. तेव्हापासून कामाला लागण्याआधी ते सगळ्यांच्या हातांतून फिरतात. ही रुई, तोडायची नाही. पांगाऱ्याची ही वाळकी फांदी, सरपण नाही. तांबट तिच्यात बीळ कोरतो आणि पिल्लं वाढवतो. हे खडे नाहीत, टिटवीची अंडी आहेत, इथून पाय जपून. अंड्यांचा फोटो मी लांबून काढला होता, आणि जागा कुठली ते कुणालाही सांगत नाही. घरट्याजवळ घोळका करून, फांद्या बाजूला सारून काढलेला फोटो कितीही सुंदर असो, मला तो बघवत नाही.

आता कॅनचं. टेकडीवर मूळचा मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावला गेला. लवकर वाढतो, हिरवं दिसतं, पण इथल्या किड्यामुंग्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून आम्ही मोकळ्या जागी पळस, पांगारा, सालई, मेडशिंगी लावतो. माती वीतभर, खाली कातळ. पहिले तीन उन्हाळे पाणी लागतंच. पाच लिटरचा कॅन, आळ्यात सावकाश ओतायचा, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालायचं, म्हणजे ओल चार दिवस टिकते. पावसाळा संपला की रोपांभोवतीचं गवत कापायचं. नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत कुणाची तरी सिगारेट पडते आणि तीन उन्हाळ्यांचं पाणी दहा मिनिटांत जळून जातं. एकदा आम्ही ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. तेवीस रोपं गेली.

रुई मात्र चिवट. त्या तोडलेल्या बुंध्यातून पहिल्याच पावसात चार फुटवे आले, आता ते माझ्या कमरेला लागतात. मंगळवारी त्यांतल्या एका पानाखाली अंडं दिसलं. शुक्रवारी टोकाशी ते काळपट झालं होतं, म्हणजे आत अळीचं डोकं तयार झालंय. उद्या साडेसहाला उजेड पुरेसा असेल.